मुंगीचे चार दात

कोंबडीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं दवाखान्यात आता कोणी उरलेलं नाही. हे नाव मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं. रबरी हातमोजा तोंडाने फुगवायचा, मनगटाशी गाठ मारायची, पेनाने दोन डोळे काढायचे. बोटांचा तुरा वर येतो आणि कोंबडी तयार होते. फोनवर एखादी नवी आई चाचरत विचारते, "ते... कोंबडीताई आहेत का?" त्या शांतपणे म्हणतात, "बोलतेय."

दवाखाना दातांचा. खाली रंगाचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर हा. बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या, काचेच्या टाकीत एकुलता एक मासा, आणि उशीर लपवता येणार नाही एवढं मोठं घड्याळ. ताई बावीस वर्षांपूर्वी इथे लागल्या तेव्हा त्यांची कामं दोन होती: अवजारं उकळायची, आणि मूल खुर्चीत लाथा झाडायला लागलं की त्याचे पाय धरायचे. "लोक मोठ्यांचे पाय धरून वर चढतात," त्या सांगतात, "मी लहानांचे धरत होते, म्हणून जागच्या जागी राहिले."

एकदा पाय धरून भागलं नाही म्हणून त्या हनुवटी धरायला गेल्या आणि सहा वर्षांच्या एका मुलीने त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. दोन टाके पडले. वण अजून आहे. टाके घालून घेताना ताईंच्या मनात आलं की पोरीचं काही चुकलं नाही. हात आईने धरलेले, पाय दुसऱ्या कुणी, मोकळं होतं ते तोंडच.

पुढे जुने डॉक्टर निवृत्त झाले, डॉक्टरबाई आल्या, आणि फार घाबरणाऱ्या मुलांसाठी गुंगी देऊन काम करायची सोय झाली. एक आड एक गुरुवारी भुलीचे डॉक्टर येतात. मूल आधी गोड-कडू औषध पितं, अर्ध्या तासात पेंगतं, मग आत नेऊन नाकातोंडावर मास्क. तो मास्क डोळ्यांसमोर येईपर्यंतचं सगळं ताईंकडे. आदल्या भेटीत त्या मुलाला मास्क हातात देतात, घरी न्यायला देतात, त्याला जोडलेली पिशवी श्वासाने कशी फुगवायची ते शिकवतात. 'दुखणार नाही' हे शब्द त्यांच्या खोलीत कुणी उच्चारायचे नाहीत, कारण त्यातला पहिला शब्द तेवढा मुलाच्या कानात शिरतो. उठल्यावर गाल परक्याचा वाटेल, थुंकीत थोडं रक्त येईल, उगाच रडू येईल, हे त्या मुलाला स्पष्ट सांगतात. खरं सांगितलेलं मूल कमी रडतं असं नाही, पण फसवल्यासारखं रडत नाही.

मुलाचं जमतं. अवघड असतं ते घर. गुंगी द्यायची तर पोट रिकामं हवं, आणि रिकाम्या पोटाचं मूल बघवत नाही असं एक माणूस प्रत्येक घरात असतंच. म्हणून ताई आदल्या दिवशी फोन करतात तेव्हा नियम वाचून दाखवत नाहीत. त्या विचारतात, "तुमच्याकडे गुपचूप खाऊ कोण देतं?" पलीकडे बहुतेक वेळा कुणीतरी हसतं आणि फोन त्या माणसाच्या हातात जातो.

मुंगीच्या घरात तो माणूस म्हणजे तिचे आजोबा. मुंगी साडेपाच वर्षांची. साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी शोधून काढते, म्हणून मुंगी. आजोबांनी चाळीस वर्षं नळाची कामं केलेली. आता घरातले सोडून कुणाचे नळ दुरुस्त करत नाहीत, आणि घरातले बिघडतात तेव्हा बिघडू देतात. नातीचे दात तेच घासतात. दात छान घासू दिले म्हणून बक्षिसाचं चॉकलेटही तेच देतात. तिच्या चार दाढा किडल्या याचं घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

आईला मुंगी तोंडाजवळ येऊ देत नसे. कारण आईनेच खाली मान घालून सांगितलं. वर्षापूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात तिने मुंगीचे दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते. "त्यांनी सांगितलं धरा, मी धरले," आई म्हणाली. "दाढ निघालीच नाही. तेव्हापासून मी ब्रश घेऊन आले तरी ही दातओठ आवळून बसते."

"धरलेलं पोरं विसरत नाहीत," ताई म्हणाल्या आणि नकळत अंगठा चोळला.

पहिल्या गुरुवारी सगळं ठीक होतं. मुंगी स्वतःहून तोंड उघडून बसली, आणि ताईंना डावीकडच्या दाढेच्या खड्ड्यात बिस्किटाचा ओला चुरा दिसला. किडलेली दाढ खोटं बोलत नाही. आजोबा म्हणाले, "अर्धंच दिलं. ती माझ्याकडे बघत होती हो." काम रद्द.

दुसऱ्या गुरुवारी चुरा नव्हता. ताईंनी मुंगीला विचारलं, "आज कपाचा रंग कुठला होता?"

"निळा," मुंगी म्हणाली. "अर्धाच भरला होता."

आजोबांनी हात वर केले. "ताई, तुम्ही म्हणालात खायला द्यायचं नाही. मी खायला कुठे दिलं? दूध दिलं."

"आजोबा, मी म्हणाले होते पोट रिकामं हवं."

"अर्ध्या कपाने पोट भरतं होय कुणाचं? मांजराचं भरत नाही."

काम पुन्हा रद्द. डॉक्टरबाईंनी ताईंना आत बोलावून दार लावलं. दाढेला पू झाला होता, गाल दोनदा सुजून गेला होता, औषधाचे दोन कोर्स झाले होते. "पुढच्या गुरुवारी जमलं नाही तर मी तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवते. तिथे तीन महिन्यांची रांग आहे. तोवर पोरगी दुखणं काढत बसेल."

"जमेल," ताई म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

असा शब्द देऊन त्या बाहेर आल्या खऱ्या, पण काय करणार ते त्यांनाही माहीत नव्हतं. आजोबा माशाच्या टाकीपाशी उभे राहून तिची हवेची नळी निरखत होते. ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"आजोबा, तुमच्या भाषेत सांगते. गळ्यात दोन नळ्या. एक पोटाला जाते, एक फुप्फुसाला. जागेपणी मधली झडप आपोआप मिटते. गुंगीत ती ढिली पडते. टाकीत काही असलं आणि ते उलटं वर आलं, तर ते चुकीच्या लाइनीत शिरतं."

आजोबांनी टाकीवरची नजर काढली. "फुप्फुसाच्या?"

"हो."

"म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निकामी, आणि वर भरलेली टाकी."

"अगदी तसंच."

"अहो, मग हे पहिल्याच दिवशी नाही का सांगायचं? इतके दिवस नुसतं नियम, नियम. नियम काय, सोसायटीचेही असतात." ते खरोखरच चिडले होते. "दुधानेही होतं?"

"दुधानेही."

आजोबा मटकन खुर्चीत बसले.

त्यांचं मन वळलंय हे पाहून ताईंनी आपली नेहमीची युक्ती पुढे केली. अशा सकाळी सोबतच्या माणसानेही काही खायचं नाही. घरात एक जण आपल्यासारखाच उपाशी आहे म्हटलं की मूल कुरकुरत नाही. वर्षानुवर्षं चाललेली युक्ती. आजोबांनी तिथल्या तिथे मुंगीच्या हातावर हात मारून शब्द दिला. "तू खाशील तेव्हाच मी खाईन. त्याआधी पाण्याचा घोट सोडून काही नाही."

मधल्या दोन आठवड्यांत मुंगीने मास्क आजोबांना लावला, दोन बाहुल्यांना लावला आणि बेसिनच्या नळालाही लावून पाहिला. घरी येईल त्याला ती झडपेचं सांगू लागली. दूधवाल्यालाही तिने सोडलं नाही.

तिसरा गुरुवार. आठ वाजता तिघं हजर. ताईंनी दाढा पाहिल्या, स्वच्छ. कपाचा रंग विचारला; मुंगी म्हणाली, "कपच नव्हता." आजोबांनी छाती पुढे काढली. ठरलं असं की मुंगी आजोबांच्या मांडीवर बसून औषध पिणार, पेंगली की त्यांनीच उचलून आत न्यायचं, आणि आईने बाहेरच्या खुर्चीवर बसून फॉर्मवर सह्या करायच्या. आई त्याला तयार होती. ती कशालाही तयार होती.

पण सर्वांत लहान मुलाला आधी घ्यायची इथली पद्धत. त्या दिवशी तीन वर्षांचं एक पिल्लू मुंगीच्या आधी होतं, आणि त्याचं काम लांबलं. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मुंगीचं एका कोंबडीला दुसरी कोंबडी लग्नासाठी दाखवून झालं, लग्न मोडूनही झालं. पावणेदहाला आतून निरोप आला की औषध द्यायला हरकत नाही. ताई छोटा पेला घेऊन आल्या.

"कोंबडीताई," मुंगी म्हणाली, "आजोबांचे हात ओले झालेत."

"काळजी वाटतेय त्यांना," ताई म्हणाल्या. "मोठी माणसं घाबरली की हातांनी रडतात."

"मी घाबरलेलो नाही," आजोबा म्हणाले. "आधी वरचा कॉक बंद कर, मग बघू."

"कुठला कॉक, आजोबा?"

"वरचा. गच्चीतला. पाणी येतंय ना."

ताईंनी पेला ट्रेमध्ये ठेवला. आजोबांची कॉलर भिजली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि उजवा हात मांडीवर थरथरत होता. ताई आईकडे वळल्या.

"यांना साखर आहे?"

"डायबेटिस? हो, बारा वर्षं. गोळी चालू आहे."

"आज घेतली?"

"घेतली ना. गोळी कधी चुकवत नाहीत, नियमाचे पक्के..." आई बोलता बोलता थांबली.

मुंगीचा फॉर्म दोन पानी होता. दमा, फिट, हृदय, ॲलर्जी, सर्दी, हलणारे दात, सगळं त्यांनी विचारून भरलेलं. आणि ज्या माणसाला आपण उपाशी ठेवलं त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. रात्री आठला जेवलेला माणूस सकाळी गोळी गिळून आठ ते पावणेदहा त्यांच्यासमोर बसला होता.

भुलीचे डॉक्टर बाहेर आले, आजोबांचं बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं. "बावन्न. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर, लगेच."

मुंगीला मांडीवरून उतरवलं होतं. ती समोर उभी राहून पेल्यात साखर विरघळताना बघत होती. काल रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि साखर हा तिचा खास विषय.

ताईंनी पेला आजोबांच्या ओठांशी नेला. आजोबांनी तोंड फिरवलं.

"शब्द दिलाय मी."

"आजोबा, शब्द गेला खड्ड्यात. प्या."

"ती खाईल तेव्हाच." आणि त्यांनी दात आवळले. अगदी नात आवळते तसेच.

बावीस वर्षांत ताईंनी कितीतरी आवळलेली तोंडं पाहिली होती, पण ती एवढी म्हातारी नव्हती. जबरदस्ती हा उपाय त्यांनी फार पूर्वी सोडलेला. त्या मुंगीसमोर उकिडव्या बसल्या.

"मुंगे, आजोबांना आत्ताच्या आत्ता साखर लागतेय. नाही घेतली तर ते पडतील. चूक त्यांची नाही, माझी आहे. मी त्यांना उपाशी राहायला सांगायला नको होतं. तुला मात्र आज चालत नाही."

"माझी झडप ढिली होणारे म्हणून."

"म्हणून."

"आजोबांना औषध देणारे का?"

"नाही."

मुंगीने विचार केला. मग ती आजोबांपाशी गेली, पेल्याच्या बुडाला दोन्ही हात लावले आणि म्हणाली, "आजोबा, तुमची झडप चालू आहे. तुम्ही प्या. मी नाही म्हणणार नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ते पीत असताना मुंगीने पेला शेवटपर्यंत सोडला नाही. पेला रिकामा झाला तेव्हा तिच्या अंगठ्याला साखरेचा एक कण चिकटलेला होता. तिने तो बराच वेळ पाहिला आणि आपण होऊन फ्रॉकला पुसला.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. साखर वर आली होती, ओठांना रंग आला होता. आता त्यांना नीट काहीतरी खायला घाला, असं म्हणून भुलीच्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "पण मांडीवर मूल नको, उचलणं तर मुळीच नाही. आणि ताई, मला दीडला निघायचंय. अजून एक पोरगा बाकी आहे. हिचं होणार असेल तर आत्ता, नाहीतर राहू दे."

राहू दे म्हणजे तीन महिने. आई उठून उभी राहिली होती, पण पुढे येत नव्हती.

ताईंनी मुंगीला खरं तेच सांगितलं. "आजोबांची मांडी आज बंद. माझी आहे, आईची आहे, खुर्ची आहे. कुठे बसून पितेस?"

मुंगीने खुर्चीकडे पाहिलं. ती फार मोठी होती. ताईंकडे पाहिलं. मग आईकडे.

"आईच्या," ती म्हणाली. "पण आईने हात मागे ठेवायचे."

आई बसली. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत अडकवले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखे. मुंगी चढून मांडीवर बसली, वाकून हात खरंच मागे आहेत ना ते तिने पाहून घेतलं, आणि पेला घेतला. औषधाने तिचं तोंड वाकडं झालं. "आधी गोड आहे, मग घाण आहे," तिने जाहीर केलं.

"सांगितलं होतं ना तसंच?"

"तसंच."

ताई अगदी जवळ बसल्या होत्या, एक हात मुंगीच्या बाजूला हवेत धरून. आजोबा पलीकडच्या खुर्चीवर बिस्किटं खात होते, खाण्याचा आवाज होऊ नये म्हणून एकेक आधी पाण्यात बुडवत. दहा मिनिटं गेली. मुंगी टाकीतल्या माशाला काका म्हणाली. वीस मिनिटांनी तिला मासे दोन दिसू लागले आणि त्याचा तिला आनंद झाला. तिची पाठ आईच्या छातीला टेकली. आईने हात हलवले नाहीत. तिचे खांदे दुखत असणार, ते दिसत होतं.

मग मुंगीची मान कलली, ती एका बाजूला घसरायला लागली, ताईंचा हात तिच्या दंडाला लागला, आणि ती जाड जिभेने म्हणाली, "आई, आता धर. मी पडतेय."

आईने ताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय," ताई म्हणाल्या. "तिने सांगितलंय. धरा."

आईनेच तिला आत नेलं. मास्क पाहून मुंगीने डोळे अर्धे उघडले, ओळखीचा आहे म्हणून मिटले, आणि पिशवी तीनदा फुगवली. चौथ्यांदा ती आपोआप फुगली. आई बाहेर आली आणि आजोबांच्या शेजारी बसून तिने त्यांच्या पुड्यातलं एक बिस्कीट न विचारता घेतलं.

दोन दाढा काढल्या, दोन वाचवल्या आणि त्यांवर चकचकीत टोप्या बसवल्या. साडेअकराला मुंगी जागी झाली आणि अर्धा तास रडली. कशासाठी ते तिला सांगता येईना. आई तिला घेऊन येरझाऱ्या घालत होती, आजोबा मागून चालत होते आणि प्रत्येक फेरीला विचारत होते, "दुखतंय का गं?" सहाव्या फेरीला आई म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा हो." ते बसले.

भुलीच्या डॉक्टरांनी मधल्या वेळेत ताईंना गाठून जे बोलायचं ते बोलून घेतलं. आवाज चढवला नाही, पण शब्द सौम्यही नव्हते. साठी ओलांडलेल्या माणसाला उपाशी ठेवायचा सल्ला देण्याआधी विचारायला तोंड नव्हतं का, असा त्यांचा सवाल होता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "चूक माझी," त्या म्हणाल्या. डॉक्टरबाई हातमोजे बदलत होत्या. "आज दोन पेशंट तयार केलेत तुम्ही," त्या म्हणाल्या, "त्यातला एक मी मागितला नव्हता." पण हसल्या. चार दाढांचं काम झालं होतं.

जाताना आजोबा ताईंसमोर थांबले. "एक सांगू? त्या टाकीची हवेची नळी उलटी लावलीय कुणीतरी. मासा तग धरून आहे, पण कष्टाने. पुढच्या वेळी मी पाना घेऊन येतो."

"नाश्ता करून या," ताई म्हणाल्या.

जिन्यावर मुंगीला कोण घेणार यावर थोडी बाचाबाची झाली. मुंगी आईच्या खांद्यावर होती आणि तिथून हलायला तयार नव्हती, त्यामुळे वाद लवकर मिटला.

बाहेरच्या खोलीत शेवटचा पोरगा आणि त्याचा बाप बसले होते. पोरगा कोंबडीचे डोळे रंगवत होता. बाप तरुण, धडधाकट, हाताची घडी घालून ताठ बसलेला. ताई पेला घेऊन आल्या, पण आधी त्याच्यासमोर थांबल्या.

"तुम्ही सकाळी काय खाल्लंत?"

"मी?" तो गोंधळला. "काही नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना फोनवर, सोबत उपाशी राहा म्हणून."

"म्हणाले होते. आता म्हणत नाही. खाली जा, काहीतरी खा, आणि दहा मिनिटांत वर या. याच्याकडे मी बघते."

बाप उठला. पोरगा मान वर करून म्हणाला, "बाबा, माझ्यासमोर नका खाऊ, म्हणजे झालं."